हेड तेच, सीएफएम रोज वेगळा

सोमवारी इंजिनाच्या हेडचा इनटेक पोर्ट (हवा आत घेणारी वाट) ८ मिमी लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह ८ मिमी उघडल्यावर, ९२ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) दाखवतो. गुरुवारी तेच हेड, तोच व्हॉल्व्ह, आणि आकडा ८७. मधल्या तीन दिवसांत हेडला कोणी हात लावलेला नाही. वागळे इस्टेट असो, रबाळे असो की तुर्भे, ज्या गाळ्यात प्लायची पेटी आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी जोडून फ्लो बेंच, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजायचं यंत्र, बांधलाय, तिथे ही तक्रार आज ना उद्या येतेच. आणि बहुतेक वेळा दोष हवामानावर ढकलून काम पुढे रेटलं जातं.

हे परवडत नाही. चांगल्या पोर्टिंगमधून (पोर्ट घासून हवेची वाट सुधारण्यातून) मिळणारी वाढ अनेकदा पाच-दहा टक्क्यांचीच असते. बेंचच पाच टक्के इकडेतिकडे करत असेल, तर ग्राइंडरने कमावलं की गमावलं हे कळणारच नाही. पोर्टमधून काढलेलं मेटल परत येत नाही. वेल्डिंग भरून पुन्हा कापणं हा खर्च गिऱ्हाईक देत नाही. म्हणून क्रम असा: आधी बेंच, मग अडॅप्टर (हेड आणि बेंचमधला पाइप) आणि बांधणी, मग व्हॉल्व्ह-सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड), आणि पोर्ट सगळ्यांत शेवटी.

आधी फरकाचा नमुना ओळखा

एकाच लिफ्टचा आकडा बघून काहीही कळत नाही. १ मिमीपासून कमाल लिफ्टपर्यंत एकेक मिमीने दोन्ही दिवसांची रीडिंग शेजारी शेजारी लिहा आणि फरक बघा.

सगळ्या लिफ्टला साधारण तेवढेच सीएफएम वाढलेले असतील, म्हणजे १ मिमीलाही ३ जास्त आणि ८ मिमीलाही ३ जास्त, तर ती गळती आहे. टेस्ट प्रेशर (मोटरींनी हेडवर दिलेला दाबाचा फरक) तेच असेल तर फट तेवढीच हवा ओढते, तिला व्हॉल्व्ह किती उघडलाय याच्याशी देणंघेणं नाही. सगळ्या लिफ्टला सारख्या टक्क्याने फरक असेल तर मॅनोमीटर (दाब दाखवणारी द्रवाची नळी), ऑरिफिस (हवा मोजायचं ठरावीक मापाचं भोक) किंवा प्रेशरचा हिशेब चुकलाय. फरक फक्त पहिल्या दोन-तीन मिमीत असेल तर लिफ्टचा झीरो, सीट किंवा स्प्रिंग. फक्त वरच्या लिफ्टला असेल तर अडॅप्टरची जागा, पोर्टच्या तोंडाला गोलाईसाठी लावलेली माती, किंवा मोटरींचा दम संपतोय. आणि आकडा एका जागी उभाच राहत नसेल तर वीज, नळीतला बुडबुडा, नाहीतर पोर्टमध्ये हवा खरोखरच भिंत सोडतेय.

एवढ्यावरच निम्मा शोध संपतो. पुढचं ज्याच्या त्याच्या नमुन्याप्रमाणे वाचा.

गळती, आणि पावसाळ्याचा खरा गुन्हा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत रीडिंग बिघडतात हे खरं आहे, पण कारण चुकीचं सांगितलं जातं. ३२ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला हवेची घनता कोरड्या हवेपेक्षा जेमतेम दीड टक्क्याने कमी असते. ऑरिफिसवाल्या बेंचवर तीच हवा हेडमधूनही जाते आणि ऑरिफिसमधूनही, त्यामुळे हा फरक दोन्हीकडे सारखा पडून कटतो. दमट हवा आकडा बिघडवत नाही, दमट प्लाय बिघडवतं. पाणी पिऊन कडा फुगतात, स्क्रूची पकड सुटते, सांध्यातलं सिलिकॉन एका बाजूने उचललं जातं.

त्यात भर म्हणजे प्रेशरचा जोर. टेस्ट प्रेशर पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात, इथे २८ इंच. २८ इंच पाणी म्हणजे ७११ मिमी, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ७११ किलो. दोन फूट बाय दोन फुटांच्या एका फळीवर जवळपास २६५ किलोचा भार येतो. फळी आत वाकते आणि सांधा तेवढ्यापुरता उघडतो. म्हणूनच १० इंचाला पेटी घट्ट वाटते आणि २८ इंचाला गळते. गळतीची चाचणी नेहमी ज्या प्रेशरला काम करता त्याच प्रेशरला करा.

पद्धत अशी. अडॅप्टरच्या तोंडावर ६ मिमी अॅल्युमिनियमची किंवा १२ मिमी अॅक्रिलिकची बंद प्लेट, खाली रबर शीट, वर चार क्लॅम्प. बेंच सगळ्यांत लहान रेंजवर (सगळ्यांत लहान ऑरिफिसवर) ठेवून २८ इंचावर आणा. जो आकडा दिसेल ती पेटीची गळती. मोटरसायकलची हेडं तपासत असाल तर १ सीएफएमच्या वर सोडू नका. कारच्या हेडला दीड-दोनपर्यंत चालवून घेता येतं, पण ते वजा करूनच लिहायचं.

शोधायला उदबत्ती पुरते. पंखे बंद, शटर अर्धं खाली, आणि उदबत्ती सांध्याच्या कडेने अगदी सावकाश फिरवा. जिथे फट असेल तिथे धुराची उभी रेघ कमरेत वाकते आणि आत ओढली जाते. ऑरिफिस प्लेटचं गॅस्केट, मोटरीच्या वायरी आत जातात ती भोकं, मॅनोमीटरच्या नळ्यांचे निपल आणि मागचा उघडायचा दरवाजा या चार जागा आधी बघा. एक्झॉस्टच्या दिशेने हवा ढकलताना पेटीत प्रेशर असतं, तेव्हा उदबत्ती उपयोगाची नाही, तिथे साबणाचं पाणी.

सापडलेली फट बाहेरून एम-सील थापून बुजवली की महिनाभरात पुन्हा सुटते. पेटी रिकामी करून आतून सिलिकॉनची सलग रेघ ओढा आणि चोवीस तास वाळू द्या. सक्शनमध्ये आतली रेघ ओढून निघू नये म्हणून ती कोपऱ्यात बोटाने दाबून दोन्ही फळ्यांवर पसरवा. एमडीएफची पेटी असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. १८ मिमी मरीन प्लाय घ्या, मोठ्या फळ्यांना आतून आडवी पट्टी द्या आणि कापलेल्या कडांसकट सगळीकडे इपॉक्सीचे दोन हात मारा. पाणी पृष्ठभागातून नाही, कडेतून शिरतं.

आता बंद प्लेट काढून हेड बसवा, सगळे व्हॉल्व्ह बंद, आणि पुन्हा मोजा. आधीच्यापेक्षा जे वाढलं ते हेडचं: सीट, गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी), किंवा हेड आणि अडॅप्टरमधला सांधा. स्पार्क प्लग लावलाय ना? हसू नका, प्लगचं भोक उघडं ठेवून घेतलेली रीडिंग वह्यांमध्ये भरपूर असतात. चार व्हॉल्व्हच्या हेडात दुसऱ्या बाजूचे व्हॉल्व्ह नीट बसलेत का, तेही याच वेळी कळतं.

मॅनोमीटर: झीरो बरोबर, तरी आकडा चूक

बेंचवर दोन मॅनोमीटर असतात: मुख्य टेस्ट प्रेशर दाखवतो, तिरपा फ्लो. तिरप्या मॅनोमीटरची ही सगळ्यांत फसवी चूक. नळीचा उतार एकास दहा असेल, तर तिचा कोन पावणेसहा अंशांच्या आसपास असतो. एवढ्या लहान कोनात अर्ध्या अंशाचा फरकही मोठा. चार फुटी बेंच एका टोकाला १० मिमी खचला, समजा चाकाखालची लादी बसली किंवा बेंच धुवायला हलवून परत लावला, की उतार वाढतो आणि तेवढ्याच प्रेशरला द्रव आठ टक्के कमी सरकतो. फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणून सीएफएममध्ये चार टक्के घट. ९२ चे ८८ इथेच होतात.

फसवणूक अशी की बेंच कलला की झीरोही हलतो, माणूस पट्टी सरकवून झीरो जुळवतो आणि सगळं ठीक आहे असं समजतो. झीरो जुळला, उतार नाही जुळला. मॅनोमीटरच्या फळीवरच एक छोटी स्पिरिट लेव्हल कायमची चिकटवा आणि बेंचच्या पायांना चाकांऐवजी बोल्टचे लेव्हलिंग पाय लावा.

द्रवाचंही तसंच. कारखान्यातून येणाऱ्या तिरप्या मॅनोमीटरमधलं लाल तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, विशिष्ट गुरुत्व ०.८२६. ते कमी झालं म्हणून वरून पाणी ओतलं तर पट्टी खोटी बोलणार. घरी केलेल्या यू आकाराच्या नळीला पाणी, खाण्याचा रंग आणि भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब पुरतो; थेंबाने पाणी नळीला चिकटत नाही. गवंड्याची लेव्हल पाइप वापरायला हरकत नाही, पण आतून निदान ६ मिमी हवी. आणि वाचताना दोन्ही बाजूंमधला फरक वाचा. एकाच बाजूचं वाचून दुप्पट करायची सवय असेल तर पाणी उडून कमी झालं की चूक सुरू.

पाण्याच्या स्तंभात अडकलेला १० मिमीचा बुडबुडा म्हणजे १० मिमीची चूक. मुख्य मॅनोमीटरवर ७११ मध्ये १० म्हणजे सीएफएमला पाऊण टक्काही नाही. पण तिरप्या मॅनोमीटरवर ४० मिमीच्या रीडिंगमध्ये ५ मिमीची चूक सहा टक्के खाते. म्हणून रेंज अशी निवडा की फ्लोचं रीडिंग पूर्ण पट्टीच्या वरच्या अर्ध्यात राहील. पट्टीच्या तळाशी घेतलेले आकडे दशांशात लिहिण्यात काही अर्थ नाही.

पेटीच्या आतलं नळीचं तोंड हवेच्या थेट झोतात नको, कोपऱ्यात हवं, आणि ड्रिल मारल्यावर राहिलेला बर (खरखरीत कड) काढलेला हवा. पावसाळ्यात नळीच्या झोळात पाण्याचा थेंब साठतो आणि नळी बुजते. नळी सरळ उतरती ठेवा, झोळ नको.

मोटरी आणि वीज

व्होल्टेज कमी झालं म्हणून सीएफएम कमी होत नाही, जर प्रत्येक लिफ्टला प्रेशर पुन्हा २८ वर आणत असाल तर. गोंधळ दोन ठिकाणी होतो. एक, शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग किंवा कॉम्प्रेसर चालू झाला की पाणी नाचतं आणि माणूस अंदाजे मधला आकडा लिहितो. दोन, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की वरच्या लिफ्टला मोटरी २८ गाठतच नाहीत, पाणी २४ वर अडकतं, आणि रीडिंग २८ चं म्हणून वहीत जातं.

दुसऱ्याचा हिशेब सोपा: २८ भागिले प्रत्यक्ष प्रेशर, त्याचं वर्गमूळ, गुणिले रीडिंग. २४ साठी १.०८, २० साठी १.१८३, १० साठी १.६७३. दुसऱ्या गाळ्यातला १०० सीएफएमचा आकडा १० इंचावरचा असेल तर तो तुमच्या २८ वर १६७ होतो. ही चौकशी न करता हेडांची तुलना करणाऱ्यांशी वाद घालू नका.

बाराशे वॅटच्या सहा मोटरी म्हणजे २३० व्होल्टला तीस अँपिअरच्या वर. एका फेजवर, एका जुन्या वायरीवर हे टाकलं तर वायरीतच व्होल्टेज पडतं. थ्री फेज असेल तर दर फेजला दोन मोटरी, आणि त्यातली एक डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र). बाकीच्या पूर्ण चालवायच्या आणि बारीक जुळणी त्या एकीने करायची. रीडिंगआधी पाच-दहा मिनिटं मोटरी चालू ठेवा. एखाद्या मोटरीचा आवाज खरखरीत झाला असेल तर कार्बन ब्रश बघा.

एक्झॉस्टच्या दिशेने अजून एक मेख. हवा आधी ऑरिफिसमधून, मग मोटरीतून आणि मग हेडमधून जात असेल, तर ऑरिफिसला ३० अंशांची हवा मिळते आणि हेडला ४५ ची. अशा वेळी रीडिंग सुमारे अडीच टक्के कमी दिसतं, आणि मोटरी तापत जातील तसं अजून उतरतं. दोन्ही जागी थर्मामीटर लावा. अंशांत २७३ मिळवून हेडचं तापमान भागिले ऑरिफिसचं, त्याचं वर्गमूळ, गुणिले रीडिंग. ऑरिफिस मोटरींनंतर असेल तर दोन्हीकडे गरमच हवा, दुरुस्तीची गरज नाही.

अडॅप्टर आणि माती

जुन्या बुलेट ३५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, नव्या जे-सिरीजचा ७२, जिप्सीच्या तेराशे सीसी इंजिनाचा ७४. एकच ७० चा पाइप सगळ्यांखाली लावला, तर ७४ च्या हेडला चारही बाजूंनी २ मिमीचा ओठ आत येतो, आणि नेमका व्हॉल्व्ह जिथे भिंतीच्या जवळ उघडतो तिथेच हवा अडते. बोअरइतक्याच आतल्या व्यासाचा आणि निदान बोअरइतकाच उंच पाइप लेथवर करून घ्या.

योग्य पाइप असूनही आकडा बदलतो, कारण हेड दर वेळी मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकून बसतं. डोळ्याने मधोमध बसवणं बंद करा. हेडच्या स्टड-भोकांतून जाणाऱ्या दोन डॉवेल पिना अडॅप्टर प्लेटमध्ये पक्क्या करा. याची परीक्षा सोपी आहे: हेड काढून परत बसवा, तेच रीडिंग पाच वेळा घ्या. न काढता पाच रीडिंग जुळतात आणि काढून-बसवून जुळत नाहीत, तर दोष बसवण्यात आहे.

इनटेकच्या तोंडाभोवती मातीची गोल कड नसेल तर हवा धारदार कडेवरून वळताना तुटते आणि सहज पाच-दहा टक्के जातात. खेळायची तेलकट माती घ्या, १०-१२ मिमीची गोलाई द्या. दर वेळी हाताने वळलेली माती दर वेळी वेगळी असते. रोजचं हेड असेल तर त्या मापाचं लाकडी किंवा नायलॉनचं तोंड लेथवर करून ठेवा. मेच्या उकाड्यात माती मऊ होऊन सक्शनने पोर्टमध्ये ओघळते, तेही बघा. एक्झॉस्ट पोर्टच्या बाहेर त्याच व्यासाचा छोटा पाइप.

लिफ्टचा झीरो

खालच्या लिफ्टचे आकडे नाचत असतील तर इथे थांबा. १ मिमी लिफ्टला हवा व्हॉल्व्ह आणि सीटमधल्या चिंचोळ्या फटीतूनच जाते, त्यामुळे ०.१ मिमीची चूक म्हणजे दहा टक्के. ८ मिमीला तीच चूक एक टक्काही नाही. ३५ मिमी व्हॉल्व्हला पावणेनऊ मिमी लिफ्टला, म्हणजे व्यासाच्या पाव भागाला, फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या क्षेत्रफळाइतकं होतं. तोवर फ्लोवरचा ताबा हळूहळू फटीकडून पोर्टकडे जातो.

चाचणीसाठी मूळ स्प्रिंग काढून हलकी लावतात, ते बरोबर. पण किती हलकी? ३८ मिमीच्या इनटेक व्हॉल्व्हवर २८ इंचाला सुमारे ८०० ग्रॅमचा ओढा येतो, तोही उघडायच्या दिशेने. पेनातली स्प्रिंग लावली तर मोटरी चालू झाल्यावर व्हॉल्व्ह आपणहून सीट सोडतो, डायल गेजची सुई पाच-सहा घरं सरकते, आणि झीरोला ४-५ सीएफएम दिसतात. बसलेल्या अवस्थेत दीड-दोन किलो दाब देणारी स्प्रिंग घ्या. झीरो मोटरी बंद असताना लावा, मग २८ वर नेऊन सुई जागची हलत नाही याची खात्री करा. हलली तर स्प्रिंग कमजोर, किंवा लिफ्टचा स्क्रू आधीच स्टेमला (व्हॉल्व्हच्या दांडीला) टेकलाय.

डायल गेजचा दांडा स्टेमला समांतर हवा. दहा अंश तिरका असेल तर दीड टक्का लिफ्ट खोटी. त्यानंतर व्हॉल्व्ह ९० अंश फिरवून तेच रीडिंग घ्या, चारही बाजूंना. आकडा फिरण्याबरोबर बदलतो तर व्हॉल्व्ह वाकलाय. व्हॉल्व्ह सीटपासून उचलून बोटाने हलवला आणि कडेला दहावा भाग मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ दिसला, तर आधी गाइड बदला. सैल गाइडवर कापलेली ३०-४५-६० ची सीट कितीही देखणी असली तरी व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसणार.

रोजची साक्षीदार प्लेट

हे सगळं दर वेळी तपासायचं नाही. त्यासाठी ६ मिमी अॅल्युमिनियमच्या दोन प्लेटा करून घ्या, एक ३० मिमी भोकाची, एक ४० ची. वरची कड वस्तऱ्यासारखी, खालून ४५ अंशांचा उतार, भोकाची धार एक मिमीपेक्षा कमी जाड. २८ इंचाला ३० च्या प्लेटमधून ९५ ते १००, ४० च्या प्लेटमधून १७०-१७५ च्या आसपास सीएफएम अपेक्षित आहे. तुमचा आकडा दोन-चारने वेगळा आला तरी घाबरू नका, तो रोज तोच येणं महत्त्वाचं. प्लेट फडक्यात गुंडाळून ठेवा. धार बोथटली की तिच्यातून हवा जास्त जायला लागते. बेंचच्या आतल्या ऑरिफिसलाही हाच नियम, फक्त तिथे परिणाम उलटा: धार गेली की सगळी हेडं कमी फ्लो दाखवतात.

सकाळी मोटरी तापल्यावर पहिली प्लेट. एक टक्क्याच्या आत असेल तर हेड चढवा. लिफ्ट चढत्या क्रमाने घ्या, मग उतरत्या क्रमाने. दोन्ही जुळायला हवेत. शेवटी पुन्हा प्लेट.

प्लेट बरोबर, हेड तरीही अस्थिर

मग हेडचंच ऐका. ठरावीक लिफ्टच्या वर आवाज गुळगुळीत फुस्स सोडून गुरगुरायला लागतो, पाणी थरथरतं, आणि पुढच्या मिलिमीटरला सीएफएम वाढण्याऐवजी एक-दोनने घटतो: पोर्टच्या आतल्या वळणावर, खालच्या आखूड बाजूला, हवा भिंत सोडतेय. खात्रीसाठी तीच लिफ्ट १० इंचाला घ्या आणि १.६७३ ने गुणा. गुणून आलेला आकडा २८ च्या रीडिंगपेक्षा स्पष्ट जास्त असेल तर वेग वाढल्यावर हवा सुटतेय हे नक्की. बारीक तारेला दोरा बांधून वळणावर धरला तर तो उलटा फडफडताना दिसतो.

इथेही ग्राइंडर लगेच उचलू नका. आखूड वळणावर मातीचा पातळ थर देऊन गोलाई वाढवा, वरच्या छपराला थोडी माती लावून बघा, थ्रोट (सीटच्या लगेच आतली अरुंद जागा) व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्क्यांत आहे का मोजा. मातीने आकडा स्थिर झाला तर कुठे कापायचं आणि कुठे अजिबात नाही ते कळलं.

गिऱ्हाइकाच्या कागदावर आकड्याशेजारी टेस्ट प्रेशर, अडॅप्टरचा व्यास, तोंडाला माती होती की नाही, गळती वजा केली का, आणि त्या दिवशीच्या प्लेटचं रीडिंग लिहा. हेड सहा महिन्यांनी परत येतं तेव्हा पहिल्यांदा तीच प्लेट चढवायची असते.